टाकीकडची बाजू

चौक एका बाजूला कलंडल्यासारखा दिसत होता. आधी तिला वाटलं, चष्म्याचं काहीतरी असेल, हल्ली तो नाकावरून एकीकडे घसरतो. तिने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला. चौक कलंडलेलाच. डाव्या हाताला, वाचनालयाच्या पायऱ्यांकडे माणसांची दाटी, पिशव्या, सायकली, एक बाबागाडी. आणि उजव्या हाताला, बसथांब्याकडे नुसती फरशी आणि तिच्यावर आपल्याच नादात चालणारं एक कबूतर. मधोमध तिचा मंडप. तिचा म्हणजे नगरपालिकेचाच, पाटीवर नाव आहे ते त्यांचं. पण छपराची ती वाकण, मागच्या उभ्या लाकडी फळ्या, वादकाने बसायचं की नुसतं टेकायचं हे त्याचं त्याने ठरवावं म्हणून मुद्दाम मधल्याच उंचीचा ठेवलेला दगडी ओटा, हे सगळं तिच्या हातचं. मंडपात अकॉर्डियनवाला भाता ओढत होता, आणि ऐकणारी झाडून सगळी माणसं पायऱ्यांच्या अंगाला. नावेतल्या सगळ्यांनी एकाच काठाला जाऊन बसावं तशी. कुणा नावाड्याने ओरडायला हवं होतं, अहो, सरका जरा, बुडू. ऊन असेल तिकडे, असं ती स्वतःशी म्हणाली. पण ऊन नव्हतंच, आभाळ सकाळपासून जुन्या भांड्यासारखं राखी होतं. वास येत असेल बसथांब्याकडे कसला तरी. ती मुद्दाम जाऊन हुंगून आली. वास पावाच्या दुकानाचा होता, आणि तो तर चांगला होता. काल ती इथे आली होती तेव्हा एक बासरीवाली पोरगी बसली होती, आणि कालही माणसं तिकडेच होती. काल तिने ते पाहिलं होतं आणि न पाहिल्यासारखं करून घरी गेली होती.

रस्त्यावरच्या वादकांसाठी मंडप बांधायचे ही कल्पना नगरपालिकेच्या डोक्यात कुठून आली देव जाणे. दुकानदार त्यांना दारातून हाकलायचे, पोलीस कोपऱ्यावरून हाकलायचे, आणि ते पुलाखाली गेले की वर राहणारे हाकलायचे. तेव्हा कुणीतरी बैठकीत म्हणालं असणार, द्या ना त्यांना एक जागा. शहरात सहा ठिकाणी सहा मंडप. काम तिच्या ऑफिसकडे आलं, आणि ऑफिसात ते आपसूक तिच्या टेबलावर आलं. ती काही शिकलेली वास्तुरचनाकार नव्हती. लग्नाआधी ती याच ऑफिसात नकाशे गिरवायला लागली होती, दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढायला. आणि गिरवता गिरवता एक दिवस म्हणाली होती, साहेब, या सभागृहात मागच्या रांगेला काही ऐकू यायचं नाही. तेव्हाचे साहेब हसले होते. सभागृह बांधून झाल्यावर मागच्या रांगेतून पहिल्याच दिवशी 'आवाज, आवाज' असा ओरडा झाला, आणि तेव्हापासून ती ऑफिसचा कान झाली. दुसऱ्यांच्या भिंतीवर डिग्र्या टांगलेल्या. तिच्या भिंतीवर कॅलेंडर. पण कुठल्याही नव्या खोलीत आधी तिला नेत. ती मधोमध उभी राहायची, एक टाळी वाजवायची, आणि डोळे मिटून ती टाळी भिंतींना कुठे कुठे लागून परत येते ते बघायची. बघायची असंच ती म्हणायची. साहेब बदलले, आताचे साहेब तर तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी धाकटे, यंत्रांची आवड असलेले. मंडपाच्या वेळी ते म्हणाले होते, ताई, आवाज मोजायचं यंत्र भाड्याने आणू या का? ती म्हणाली होती, आणा की, पण यंत्राला गाणं आवडलं का ते कोण विचारणार? सगळे हसले आणि यंत्र राहिलं.

अकॉर्डियनवाल्याने सूर संपवला, कपाळ पुसलं, आणि तिला पाहून ओट्यावरूनच हात केला.

"या, या. मालकीणबाई आल्या."

"कसं वाटतंय?"

"नाव ठेवायला जागा नाही ताई. वरून भिजत नाही, पाठीला वारा नाही, कुणी ऊठ म्हणत नाही. बायको म्हणते, घरच्यापेक्षा बरं छप्पर आहे, राहा तिथेच."

"आणि?"

"आणि काय." त्याने हनुवटीने बसथांबा दाखवला. "तिकडच्यांना वाटतं, मी नुसते हात हलवतोय. परवा एक आजोबा विचारून गेले, आज वाजवायचं नाही का म्हणून. मी इथे घामाघूम!"

"तिकडे येत नाही आवाज?"

"मला काय माहीत, मी भात्याच्या मागे. लोक उभे राहतात दोन मिनिटं, मान अशी अशी करतात आणि इकडे येतात. माणूस काय, मांजरासारखं असतं, ऊब असेल तिथे जातं."

"सगळीकडे सारखं आहे ते," ती म्हणाली. "मी स्वतः लावलंय. थांबा. वाजवा तुम्ही."

तो वाजवायला लागला. ती मंडपासमोरून चालायला लागली, जशी ती मंडप जुळवताना कारखान्याच्या आवारात चालली होती, जशी ती नेहमीच चालते: पायऱ्यांपासून बसथांब्यापर्यंत, मग वळून बसथांब्यापासून पायऱ्यांपर्यंत, मंडपाला मध्यावर ठेवून काढलेल्या कमानीवरून. बसथांब्यापाशी थांबली. सूर स्वच्छ होते, जरा बारीक, पण स्वच्छ. वळली. पायऱ्यांपर्यंत आली, गर्दीच्या कडेला थांबली. तेच सूर, तेवढेच. तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याचाच राग आला, कारण बाबागाडीवाली बाई मागच्या कुणाला तरी सांगत होती, इथे ये, इथे छान येतंय. काय छान येतंय? तिकडे येतंय तेवढंच येतंय. तेवढ्यात बाबागाडीतल्या बाळाने खुळखुळा फेकला. तो तिच्या पायाशी घरंगळला. ती तो उचलायला वाकली, उचलून मागे वळली, बाळाच्या हातात देण्यासाठी. आणि अकॉर्डियन तिच्या अंगावर आलं. धाडकन. कुणीतरी शेजारच्या खोलीचं दार उघडावं तसं. ती दचकून परत पुढे वळली. दार बंद झालं. मागे वळली, दार उघडलं. सूर केवढे तरी मोठे, जाड, पोटात घुमणारे, इतके की त्या जागी ते जवळजवळ सहन होईनात. पुढे वळली, ते बारीक होऊन लांब गेले. तिने हे किती वेळा केलं तिला कळलं नाही. बाळ खुळखुळ्यासाठी हात पसरून वाट पाहत होतं, आणि बाबागाडीवाली जरा बाजूला झाली होती, मानेचे व्यायाम भर चौकात करणाऱ्या बाईपासून माणसाने व्हावं तशी.

मग तिने खुळखुळा दिला. मग तिने डाव्या कानात बोट घातलं आणि मंडपाकडे तोंड करून उभी राहिली. अकॉर्डियनवाला भाता ओढत होता, त्याचा पाय ताल धरत होता, पुढच्या रांगेतला एक म्हातारा ओठ हलवत होता. चौकावर जाड गोधडी टाकल्यासारखं झालं होतं. गोधडीच्या खाली, खोल कुठे तरी, एक सूर होता. तो अकॉर्डियनचा होता की तिच्याच डोक्यातला, हे तिला सांगता आलं नसतं.

ती वाचनालयाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसली. तिथून मंडप लहान दिसत होता आणि सुंदर, आणि तिला सुंदरच्या पुढे काही सुचेना. मनातल्या मनात ती कारखान्याच्या आवारात गेली. तिथे आधी मिस्त्रींनी चाचणीसाठी पातळ लाकडाचा मंडप उभा केला होता, खऱ्या मापाचा. मागच्या फळ्या बिजागरीवर, आवाज हवा तिकडे फेकायला हव्या तशा वळतील अशा. एका अंगाला, चौकातल्या पायऱ्यांच्या जागी, पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला, बसथांब्याच्या जागी, फाटक. अकॉर्डियनवाल्याला बोलावून आणलं होतं, कारण ती म्हणायची, मंडप वादकाच्या अंगावर बेतायचा असतो, सदऱ्यासारखा. तो वाजवायचा, ती टाकीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून टाकीपर्यंत फेऱ्या घालायची, आणि मिस्त्री फळ्यांपाशी तिच्या तोंडाकडे बघत उभे. टाकीकडे जाताना मंडप तिच्या उजव्या कानाला असायचा. फाटकाकडे जाताना डाव्या. टाकीपाशी थांबून ती म्हणायची, इथे कमी पडतंय मिस्त्री, वळवा फळ्या टाकीकडे. मिस्त्री वळवायचे. अजून थोड्या. अजून. फेऱ्यांनी तिच्या चपलेचा अंगठा तुटला होता. शेवटी, संध्याकाळ उतरताना, दोन्हीकडे सारखं झालं. ती फाटकापाशी उभी राहून म्हणाली होती, झालं! आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, कारण इतकं नेमकं जुळलेलं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. आता पायरीवर बसून तिला कळत होतं की ते नेमकं जुळलेलं होतंच. फक्त ते जगात एकाच माणसाला जुळलेलं ऐकू येत होतं, आणि ते माणूस ती होती. एवढा मोठा मंडप, दगडाचा, लाकडाचा, लोखंडाचा, लोकांच्या पैशाचा, तिने एका बहिऱ्या कानाच्या मापाने बेतून चौकात उभा केला होता. बहिरा हा शब्द मनात आला तेव्हा तिने आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना अशा धास्तीने. आणि मग तिला हसू आलं, ते ओठांपर्यंत येऊन तिथेच कुठे तरी विरलं.

सोमवारी बाकीच्या पाच मंडपांच्या लोखंडी चौकटी जोडायला घ्यायच्या होत्या. याच मापाने, याच कोनात. एकदा चौकटी जोडल्या की फळ्या कायमच्या त्याच तोंडाने उभ्या राहणार. सहा चौक. सहा कलंडलेले चौक, आणि ती मेल्यावरही शहर एका अंगावर झुकून ऐकणार.

आईचं असंच झालं होतं. पण आईचे दोन्ही गेले होते आणि हळूहळू गेले होते, उजेड जातो तसे. लहानपणीच्या घरात दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला एक कोपरा होता. त्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलं की पलीकडच्या खोलीतलं सगळं ऐकू यायचं: आईचं शिवणयंत्र, यंत्राबरोबर आईचं गुणगुणणं, बाबांचा खोकला, आणि त्या दोघांचं हळू आवाजातलं बोलणं, जे दुसऱ्या कुठल्याही जागेवरून ऐकू यायचं नाही. ती ऑफिसचा कान झाली ती त्या कोपऱ्यात. आई गुणगुणायची त्याला शब्द नसायचे, यंत्राचा वेग वाढला की सूर वर चढायचा, दोरा तुटला की थांबायचा. पुढे आई म्हातारी झाली आणि सगळ्या बोलण्याला एकच उत्तर द्यायला लागली: "हो ना!" मोठ्या उत्साहाने, समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघून. शेजारची म्हणाली, आमचे हे पडले, पाय मोडला. आई म्हणाली, हो ना! घरात सगळे पोट धरून हसायचे. आईही हसायची, सगळे हसतात म्हणून. 'काय?' असं तिने कधीच विचारलं नाही. एकदाही नाही. ती बाकी कुणाला घाबरत नसे, ना सासूला, ना घरमालकाला. मग या एवढ्याशा शब्दाला का घाबरत होती? 'काय' म्हटलं की आपण दाराबाहेर उभे आहोत हे सगळ्यांना कळतं. 'हो ना' म्हटलं की निदान उंबरठ्यावर तरी राहता येतं. पायरीवर बसून तिला आठवायला लागलं, आपण स्वतः 'हो ना' कधी कधी म्हणालो. जेवणाच्या टेबलाला आपण नेहमी उजवं टोक धरतो. लोक म्हणतात, किती साधी आहे, कडेला बसते. आणि नवऱ्याने मध्यंतरी पलंगाची बाजू बदलली होती. पंख्याचा वारा लागतो म्हणाला होता. त्यावरून ती त्याच्याशी दोन दिवस फणकाऱ्याने वागली होती, कारण तिच्या डोक्याशी असलेलं दिव्याचं बटण त्याच्याकडे गेलं होतं.

नवरा दातांच्या कवळ्या बनवतो. घरी आली तेव्हा तो खिडकीपाशी त्याच्या टेबलावर बसून एक वरची कवळी कानशीने घासत होता, आणि शेजारी पांढरे प्लास्टरचे जबडे ओळीने आ वासून होते. लग्न होऊन आली तेव्हा तिला त्यांची भीती वाटायची. आता ती त्यांच्यात किल्ल्या ठेवते.

"आलीस? काय म्हणतोय मंडप?"

"तू पलंगाची बाजू का बदललीस?"

"आता हे कुठून काढलंस? पंख्याचा वारा..."

"पंखा मधोमध आहे."

त्याने कवळीवरची भुकटी फुंकली. परत फुंकली, नव्हती तरी.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"माहीत असं नाही गं." त्याने कवळी खाली ठेवली. "माझ्या पुतणीचं लग्न नव्हतं का? मी तुझ्या उजवीकडे बसलो होतो. तुला म्हटलं, माझा एक बूट गेला. तू म्हणालीस, हो ना, किती छान."

तिला आठवत होतं. ती खूप छान हसली होती तेव्हा. आईसारखी.

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगणारच होतो. जीभ वळेना. तुझं सगळं त्या कानावर. मला वाटलं, मी आपला डावीकडे राहतो. तेवढ्याने भागतंय तर भागू दे."

"भागलं ना. चौकात जाऊन बघ कसं भागलंय."

तिने त्याला सांगितलं, सगळं, फेऱ्यांसकट. तो जबड्यांच्या ओळीकडे बघत ऐकत होता. तिला त्याचा राग यायला हवा होता. आलाही, पण उभा राहीना. हा माणूस गेले कित्येक महिने रस्त्यावर गर्दी असो, खड्डे असोत, वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला येत होता. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघून फळ्या वळवत होते. अकॉर्डियनवाला भात्यामागे घाम गाळत होता. सगळ्यांनी मिळून तिच्याभोवती एक मंडप बांधला होता, तिच्या एका कानाच्या बेताचा, आणि त्यात ती आरामात बसून म्हणत होती, किती नेमकं जुळलंय. कुणी तिला फसवलं नव्हतं. सगळे फक्त थोडे थोडे सरकले होते.

"कानाच्या डॉक्टरकडे जाऊ उद्या," तो म्हणाला.

"जाऊ. तो कुठे पळून जात नाही. सोमवार पळत येतोय."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. सुट्टीच्या दिवशी साहेब फोन करतात म्हणजे त्यांना वरून कुणी तरी केलेला असतो. नगरपालिकेतून विचारणा होती, माणसं पायऱ्यांवरच का गोळा होतात, वाचनालयात जायला वाट राहत नाही.

"मी सांगितलं त्यांना ताई," साहेब म्हणाले. "म्हटलं, अकॉर्डियन वाद्यच तसं आहे. एका अंगाला सूर, एका अंगाला खर्ज. त्यामुळे आवाज एकीकडे जाणारच. बरोबर ना? दुसरं वाद्य आलं की सारखं होईल. मग सोमवारी चौकटी घेतो जोडायला."

केवढं सोपं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणाने स्वतः होऊन वाकडेपणा पत्करला होता. तिला फक्त 'हो ना' म्हणायचं होतं. बासरीवाली पोरगी साहेबांना माहीत नव्हती. चौकटी जोडल्या गेल्या असत्या, लोक पायऱ्यांकडे सरकले असते, माणसं सरकतातच. आणि ती निवृत्त होईपर्यंत ऑफिसचा कान राहिली असती, भिंतीवर कॅलेंडर असलेली. कान नसलेला कान ऑफिसने कशाला ठेवायचा? नकाशे आता कुणी हाताने गिरवत नाही. नवरा समोर उभा होता, हातात ती वरची कवळी, जणू काही तीच बोलणार होती.

"नको," ती म्हणाली. "चौकटी नको. उद्या सकाळी आवारात या. मिस्त्रींना बोलावते, अकॉर्डियनवाल्याला पण. फळ्या परत लावायच्या आहेत."

"परत? का?"

फोन नेहमीसारखा तिच्या डाव्या कानाला होता. तिने तो उजव्या कानाला नेला. साहेब एकदम मुंगीएवढे झाले, मग नाहीसेच झाले. कानाला नुसता फोनचा गरमपणा लागत राहिला, एखाद्याच्या गालासारखा.

"माझा उजवा कान गेलाय साहेब," ती त्या गरम शांततेला म्हणाली. "मंडप मी एका कानाने लावला. तो वाकडा आहे, अकॉर्डियन सरळ आहे."

ती तशीच थांबली, साहेबांना जे काही म्हणायचं असेल ते म्हणून होईल एवढा वेळ. ते तिला ऐकायचं नव्हतं, आणि निदान आज तरी तिच्याकडे न ऐकण्याची सोय होती. मग फोन परत डाव्या कानाला आणला.

"... हॅलो? ताई? आहात ना?"

"आहे."

"मग आता... यंत्र मागवू का मी?"

"मागवा. मागवाच. पण ते येईपर्यंत मी आहे."

सकाळी आवारात सगळे होते, नवरासुद्धा. लाकडी मंडप अजून उभा होता, फळ्यांची तोंडं टाकीकडे, एखाद्या वर्गाने एकाच खिडकीबाहेर बघावं तशी. इतके दिवस तिला तो वाकडेपणा डोळ्यांनीही दिसला नव्हता, हे तिला आता खरंच वाटेना. मिस्त्रींना तिने विचारलं, तुम्हाला दिसत नव्हतं का हो?

"दिसत होतं की," मिस्त्री म्हणाले. "पण मला वाटलं, तुमचं काहीतरी शास्त्र असेल."

साहेब त्यांच्या चष्म्यातून एकदा तिच्या उजव्या कानाकडे बघत होते, एकदा डाव्या, आणि आपण बघतोय हे तिला कळू नये म्हणून आभाळाकडे. त्यांनी यंत्राची व्यवस्था केली होती, ते दोन दिवसांनी यायचं होतं. चौकटी थांबवल्या होत्या. पुढे तिच्या टेबलाचं काय, हे ते बोलले नाहीत. ते नंतर बोलतील किंवा बोलणार नाहीत. अकॉर्डियनवाल्याने पट्टे खांद्यावर चढवले. "बोला ताई. तेच वाजवू का दुसरं?"

"तेच."

सूर सुरू झाले. ती टाकीपासून फाटकापर्यंत गेली, मंडप डाव्या कानाला. फाटकापाशी थांबली. किती बारीक होतं इथे! पावाच्या वासाने भरलेल्या त्या रिकाम्या फरशीइतकं बारीक. आता वळायचं होतं. वळलं की मंडप उजव्या कानाला येणार, गोधडी पडणार. ती वळली नाही. तोंड फाटकाकडेच ठेवून तिने एक पाऊल मागे टाकलं. मग दुसरं. मंडप डाव्या कानालाच राहिला. अशी, उलटी, खेकड्यालाही लाज वाटेल अशी, ती टाकीकडे निघाली. पंचावन्न वर्षांची बाई, हातात पर्स, भर सकाळी सगळ्या ऑफिससमोर. मिस्त्रींच्या मिशीखाली काहीतरी हललं. साहेबांनी मान खाली घातली. अकॉर्डियनवाल्याचा एक सूर हसून घसरला आणि परत जागेवर आला. नवरा धावत आला आणि तिच्याबरोबर चालायला लागला, टाकीकडे तोंड करून. त्याला दुसरी बाजू मोकळी नव्हती, मंडप तिकडे होता, म्हणून तो आज तिच्या उजव्या बाजूला होता, कोपर धरून. कोपर कळत होतं. त्याच्या बोटांना लागलेलं प्लास्टर खरखरत होतं. सूर पावलागणिक वाढत होते, जाड होत होते, टाकीपाशी ते ओतल्यासारखे येत होते. हे सगळं इतके दिवस इथे होतं. इतका आवाज तिने सांडला होता आणि एक थेंबही तिला लागला नव्हता.

"फळ्या फाटकाकडे घ्या मिस्त्री," ती ओरडली. "थोड्या. अजून. थांबा!" आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, कारण आजवर असं विचारायचं असतं हे तिच्या मनातही आलं नव्हतं: "साहेब, तुम्ही फाटकाकडे जा. ऐका. तुम्हालाही तसंच येतंय का ते सांगा. मी म्हणते म्हणून सांगू नका."

साहेब फाटकाकडे गेले. डोळे मिटून उभे राहिले, तिच्यासारखे. "अजून थोडं यायला हवं," ते जरा घाबरतच म्हणाले.

"बघा. मला पुरे वाटलं होतं."

फळ्या सरकल्या. ती फाटकापर्यंत सरळ गेली, आणि परत उलटी निघाली, कोपरावर नवऱ्याचा हात. सूर आता वाटेत कुठे फारसे चढत-उतरत नव्हते. जवळजवळ सपाट रस्त्यावरून चालल्यासारखं वाटत होतं, अजून कुठे तरी एक खळगा होता, तो शोधायचा होता. शिवणयंत्राच्या लयीत अकॉर्डियनवाल्याचा पाय पडत होता. तेवढ्यात कोपरावरची पकड घट्ट झाली, आणि तिच्या उजव्या गालाला ऊन ऊन वारा लागला. नवरा काहीतरी बोलत होता. आवाज नव्हता, नुसती ऊब होती, शब्दांच्या आकाराची. तिच्या ओठांवर आपोआप आईचं हसू आलं, आणि जिभेवर 'हो ना' येऊन बसलं, तयार, गोड, कित्येक महिन्यांच्या सवयीचं. सगळे बघत होते. ती थांबली.

"काय?" ती म्हणाली. इतक्या मोठ्याने की अकॉर्डियन मध्येच बंद पडलं, मिस्त्रींचा हात फळीवर थांबला, आणि फाटकापाशी साहेबांनी डोळे उघडले.

तिने मान पूर्ण वळवली, डावा कान त्याच्या तोंडापाशी आणला. "काय म्हणालास? मला ऐकू आलं नाही."

"म्हटलं," नवरा म्हणाला, "मागे वीट आहे."

तिने मागे पाहिलं. होती. मिस्त्रींनी पुढे येऊन ती उचलली आणि टाकीच्या कडेला ठेवली. ती परत फाटकाकडे तोंड करून उभी राहिली, पाय जुळवले, कोपर पुढे केलं.

"हं," ती अकॉर्डियनवाल्याला म्हणाली. "पहिल्यापासून."